वाद घालणारं माणूस

४ फेब्रुवारी, दुपार

मिरे,

च्च्.

आठवतो का हा आवाज? तुझाच आहे. मी आतल्या खोलीत भिंतीला टेकून शाळेची कविता म्हणायचो, तू बाहेर आईजवळ बसून तिच्या शेंगा पळवायचीस, आणि माझी ओळ चुकली रे चुकली की तुझी जीभ टाळ्याला लागायची. च्च्. तेव्हा तू शाळेतसुद्धा जात नव्हतीस. अक्षरओळख नाही, पण माझ्या कविता ऐकून ऐकून तुला पाठ. मी तणतणत बाहेर यायचो, "काय चुकलं, सांग ना!" तू ती ओळ बरोब्बर म्हणायचीस आणि पुढची शेंग दाताखाली धरायचीस. काळी, इवलीशी आणि तिखट. मिरी हे नाव तुला मी उगाच नाही ठेवलं.

एवढ्या वर्षांनी पत्र, म्हणजे म्हाताऱ्याला काहीतरी झालंय, असं तू म्हणशील. झालंय. माझ्या दोन्ही किडन्या थकल्या आहेत. पहिल्याच पानावर सांगून टाकतो, नाहीतर तू शेवटचं पान आधी वाचशील. तुझी सवय काही गेली नसेल.

गंमत बघ. नोकरीभर मी शहराचं पाणी गाळलं. खाली खडी, वर जाड वाळू, त्यावर बारीक वाळू. थर तुंबला की उलटं पाणी सोडून धुवायचा. आता माझ्याच आतल्या गाळण्या तुंबल्या आणि त्यांना उलटं पाणी सोडता येत नाही. पाय सुजतात. तोंडात सतत गंज चाटल्यासारखी चव. आणि दुपारी जागेपणीच झोपेचा पडदा उतरतो. खिडकीतलं ऊन फरशीवर पाण्यासारखं पसरत जातं, त्या पाण्यात आमचा वर्ग दिसतो, सगळी पोरं डुलत डुलत एका सुरात कविता म्हणताहेत. मीही डुलतो. मग कपाळ टेबलावर आपटतं आणि वर्ग सुटतो.

बाजाराच्या मागच्या रस्त्यावर चार डॉक्टरांनी मिळून चालवलेला दवाखाना आहे. खाली औषधांचं दुकान, वर चौघांच्या खोल्या, मधे एकच मोठा बाकांचा हॉल. माझ्या बाई किडनीच्या. तुला मुलगी असती तर त्यांच्याएवढी असती. मी आपलं नेहमीसारखं म्हणालो, "डॉक्टर, तुम्ही सांगाल तसं."

"तसं नाही काका. मी वाटा दाखवते. चालायचं तुम्हाला आहे."

"अहो, पण शिकलात तुम्ही!"

"किडन्यांबद्दल शिकले. तुमच्याबद्दल तुम्हीच सांगायचं. मग दोघं मिळून ठरवू."

ऐकलंस? ठरवायची कटकट नको म्हणून माणूस डॉक्टरकडे जातो, तर डॉक्टरने ती परत माझ्याच पदरात टाकली.

हॉलच्या टोकाला त्यांची एक खोली आहे. तपासायचा पलंग नाही, यंत्र नाही. गोल टेबल, चार खुर्च्या, खिडकीत एक कुंडी. तिला सगळे 'बोलायची खोली' म्हणतात. तिथे एका सिस्टरनी मला सगळं सावकाश समजावलं, मग म्हणाल्या, "आता तुम्ही मला सांगा बघू, काय कळलं?"

मी पाठ ताठ केली आणि म्हटलं:

"पहिली वाट दवाखान्यातल्या मशीनची. आठवड्यातून तीनदा, दर वेळी चार तास, रक्त बाहेर काढायचं, गाळायचं, परत आत. दुसरी वाट घरची. पोटात बारीक नळी, पिशवीतलं पाणी पोटात सोडायचं, काही वेळाने काढायचं, रोज. तिसरी वाट, मशीन नाही, नळी नाही. औषधं, पथ्य, जो त्रास होईल त्यावर इलाज, आणि मिळतील तेवढे दिवस आपल्या घरात. मशीनने आयुष्य वाढू शकतं, पण तुमच्या वयाला किती, ते कुणी सांगू शकत नाही. कुठलीही वाट धरली तरी पुन्हा विचार करता येतो. सुरू केलेलं थांबवताही येतं."

एका दमात. सिस्टर बघतच राहिल्या. "काका, इतकं नीट आजवर मला कुणी सांगितलं नाही." मिरे, खरं सांगतो, वर्गात पहिला आल्यासारखं वाटलं.

मी तिसरी वाट धरली आहे. डॉक्टरबाई म्हणाल्या, ती वाट चुकीची नाही, तुमच्या वयाचे कितीतरी लोक समजून उमजून धरतात. पण त्या खोलीची एक रीत आहे. शेवटच्या बैठकीला पेशंटने आपल्याशी वाद घालणारं एक माणूस बरोबर आणायचं. "सगळे जण मान डोलावणारी माणसं घेऊन येतात," बाई म्हणाल्या. "निर्णय तुमचाच राहील. फक्त तो कुणीतरी एकदा हलवून बघू दे. पक्का असेल तर हलणार नाही."

तेव्हापासून विचार करतोय. मला नाही म्हणणारं माणूस आहे कोण? तुझी वहिनी गेली. मूलबाळ नाही. पाण्याच्या टाकीवरचे, माझ्या हाताखालचे लोक मला साहेब म्हणायचे. राहता राहिलीस तू.

वहिनी गेल्यावर मला तुझ्या घरी न्यायला तू माझी पेटी भरलीस, गाडी दारात आणलीस, आणि ऐन वेळी मी नंतर बघू म्हणालो. त्यावर तू काय म्हणालीस ते मला पाठ आहे. "दादा, तुला माणसं नकोत, श्रोते हवेत." त्या वाक्यावर मला आत्ता काही बोलायचं नाही.

तू येऊ नकोस. एवढा प्रवास कशाला? नुसतं लिहून पाठव, माझं काय चुकतंय ते. मी ते पत्र खुर्चीवर ठेवीन.

तुझा दादा


१३ फेब्रुवारी, संध्याकाळ

मिरे,

तुझं पत्र नाही. टपालाचा घोळ असेल.

दरम्यान मी वाद घालणारं माणूस उसनं मिळतं का बघितलं. शेजारी एक वकील राहतात, निवृत्त. म्हटलं, यांच्यासारखा कोण मिळणार! तर ते म्हणाले, "आयुष्यभर वाद घातले हो. आता घरात भाजी कुठली करायची यावरसुद्धा घालत नाही." मग वरच्या मजल्यावरच्या बाई. त्यांना तिसरी वाट सांगितली तर त्या रडायलाच लागल्या, मलाच त्यांना पाणी द्यावं लागलं. शेवटी न्हावी. तो कानामागे कात्री चालवत म्हणाला, "तुम्ही म्हणता ते बरोबरच असणार, काका." मी म्हटलं, "अरे, एकदा तरी नाही म्हण!" तर म्हणतो, "कल्ले ठेवायचे का?"

गोड बोलणारी माणसं चहूकडे, मिरे. गुदमरतो मी.

बाकी बरा आहे. मन शांत आहे. तिसऱ्या वाटेत मला एक डौल दिसतो. कविता संपताना शेवटची ओळ कशी थोडी लांबते, आवाज खाली येतो, आणि वर्गात कुणी लगेच हालत नाही. तसं. उगाच कडव्याला कडवं जोडत राहण्यात काय अर्थ?

काल नवा चष्मा करायला टाकला. जुन्या पुस्तकांच्या दुकानात आपल्या वेळचं शाळेचं वाचन-पुस्तक सापडलं, कोपरे उंदरांनी खाल्लेलं. त्यात एक लांबच लांब कविता आहे, तेव्हा परीक्षेला नव्हती म्हणून मी सोडून दिली होती. आता पाठ करायला घेतली आहे. रोज दोन ओळी. या वेगाने वर्ष तरी लागेल.

हे वाचून तू नाक मुरडशील, मला इथून दिसतंय.

तू विचारशील, मशीन का नको? सांगतो. टाकीवर असताना एकदा जास्तीचा पंप आम्ही तात्पुरता म्हणून लाइनवर घेतला. पाणी चढलं, लोकांनी वरच्या मजल्यावर नळ काढले, मग तो पंप काढायची कुणाची छाती होईना. मी निवृत्त झालो तेव्हाही तो तात्पुरता पंप घरघरत होता. शरीराचं तेच. एकदा जोडून घेतलं की त्याच्याच तालावर जगायचं, श्वास संपेपर्यंत. आठवड्यातून तीनदा खुर्चीला बांधून. नको.

दुपारी पुन्हा वर्ग दिसला. या वेळी मी मागच्या बाकावर होतो आणि सगळे कविता म्हणत होते, पण मला शब्द ऐकू येत नव्हते, नुसती चाल. छान वाटत होतं. शब्दांवाचून काही अडतही नव्हतं.

तू लिहीत नाहीस म्हणजे तुला पटलं असावं. तुला पटलं असेल तर जगबुडी जवळ आली म्हणायची.

दादा


२१ फेब्रुवारी, सकाळ

मिरे,

काल बैठक झाली, आणि झाली नाही.

मी एकटाच गेलो. डॉक्टरबाई, सिस्टर, मी, आणि चौथी खुर्ची रिकामी. "कुणी मिळालं नाही," म्हणून सांगितलं. "एक बहीण आहे. लांब असते." तिला मी दोन पत्रं लिहिली आणि तिने एकाचंही उत्तर दिलं नाही, हे नाही सांगितलं.

सिस्टर म्हणाल्या, "बहीण या खुर्चीत असती तर काय म्हणाली असती?"

तुझं बोलणं मला कुठे अवघड आहे? मी खांदे उडवले, मान तिरकी केली. "ती म्हणाली असती, दादा, कवितेचा शेवट छान आहे म्हणून कुणी मरतं का? दोन महिने मशीन लावून तर बघ!"

सिस्टर हसल्या. "आणि तुम्ही?"

"मी म्हणालो असतो, वेडे, लावून बघायला तो काय सदरा आहे? एकदा सुरू झालं की त्यातून सुटका नाही."

सिस्टरांचं हसू तिथेच थांबलं. त्या बाईंकडे बघायला लागल्या, बाई त्यांच्याकडे.

"काका," सिस्टर हळूच म्हणाल्या, "मागच्या वेळी तुम्ही मला सगळं म्हणून दाखवलं होतं. त्यातलं शेवटचं वाक्य काय होतं?"

"सुरू केलेलं थांबवताही येतं," मी म्हणालो. धडाक्यात. एक अक्षर इकडचं तिकडे नाही.

"म्हणजे काय?"

मिरे, मी तेच वाक्य पुन्हा म्हटलं. खिडकीतल्या कुंडीवर ऊन होतं. खाली दुकानाचं शटर कुणीतरी वर ढकललं. त्या वाक्याचा अर्थ मला तेव्हा, त्या खुर्चीत, पहिल्यांदा लागला. मी ते लक्षात ठेवलं होतं, ऐकलं नव्हतं. आपण लहानपणी कवितेत लढाया, महापूर, आयांचे आक्रोश डुलत डुलत म्हणायचो आणि घंटा झाली की खेळायला पळायचो, अगदी तसं. किडनी माझी, मरण माझं, आणि मी त्याची चाल लावली.

सिस्टर कानापर्यंत लाल झाल्या. "चूक माझी आहे. तुम्ही इतकं सुंदर म्हटलंत, मी ऐकतच राहिले. तुमच्या शब्दांत सांगा म्हणायला हवं होतं."

"माझ्या शब्दांत मी फारसं बोलतच नाही," मी म्हणालो. कसं निघालं तोंडातून कोण जाणे.

डॉक्टरबाईंनी खुर्ची जवळ ओढली. म्हणाल्या, "काका, तिसरी वाट अजूनही तुमचीच असू शकते. पण सुटका नाही म्हणून धरू नका. पहिली किंवा दुसरी ठराविक दिवस करून बघता येते. मग आपण तिघं पुन्हा इथेच बसायचं. जमत नसेल तर थांबवायचं आणि तुमचा त्रास कमी करायचं बघायचं. त्यात हार नाही. तुम्हाला दिवसभरात काय करायला मिळालं तर तो दिवस चांगला वाटतो?"

साधा प्रश्न. मला त्यावर चार ओळी सहज रचता आल्या असत्या. मी म्हणालो, "विचार करून सांगतो."

येत्या सत्तावीसला पुन्हा बोलावलं आहे. "या वेळी खुर्ची रिकामी नको," सिस्टर म्हणाल्या. "तुम्ही एकटे असलात की फार छान बोलता."

घरी येताना मला रागच आला, दवाखान्याचा. मी तयार झालेला माणूस होतो. सगळं आवरून, नीट घडी घालून ठेवलं होतं. त्यांनी ती घडी मोडली आणि पुन्हा तुम्हीच घाला म्हणतात.

तू गप्प आहेस तेच बरं आहे.

दादा


२६ फेब्रुवारी, दुपार

मिरे,

उद्या बैठक. मी एकटाच जाणार आहे, आणि काय बोलायचं ते ठरवून टाकलं आहे. तिसरीच वाट. आता अर्थ कळून. उद्या मी असं म्हणेन:

"डॉक्टर, मला थांबवता येतं हे समजलं. तरीही मी सुरू करत नाही. दवाखान्याच्या खुर्चीत माझे दिवस जाऊ नयेत. घरच्या उपायाला पिशव्या उचलायला, नळीची स्वच्छता बघायला, हात थरथरला तर धरायला माणूस लागतं, आणि मी एकटा राहतो. संध्याकाळचं ऊन टाकीच्या घुमटावर पडतं ते मला माझ्या गच्चीतून बघायचं आहे, जोवर दिसेल तोवर. माझी कुणाबद्दल तक्रार नाही. एक भरलेलं आयुष्य"

इथवर लिहिलं आणि बेल वाजली.

दूधवाला या वेळी येत नाही. म्हटलं, वरच्या बाई पुन्हा रडायला आल्या असतील. पाय सुजलेले, दारापर्यंत जायला वेळ लागला, तोवर बेल आणखी वाजली. दार उघडलं. दारात तिशीची एक बाई, पायांत धुळीने भरलेले बूट, खांद्यावर बॅग. मी तिला जन्मात पाहिलेलं नाही.

"कुणाकडे आलात?"

"तुमच्याकडेच. तुम्ही मामा ना?"

"कुणाचा मामा?"

"आता माझाही. मी तुमच्या मिरीची सून."

मिरे, तू मला सांगितलं नाहीस तुझ्या मुलाचं लग्न झालं म्हणून. असो. मी विचारलं, "ती कशी आहे?"

"खुब्याचं हाड मोडलंय, पलंगावर आहेत. डोळ्यांनीही आता वाचवत नाही. तुमची पत्रं मीच वाचून दाखवते."

"मग उत्तर का नाही एकाचंही?"

"त्या सांगतात, मी लिहिते. मग म्हणतात, फाड. पुन्हा सांगतात, पुन्हा फाड. तिसरं पत्र वाचून झालं तेव्हा मीच म्हटलं, आई, कागद संपत आले, मी जाऊनच येते."

"आणि ती काय म्हणाली?"

"त्या अजून रागावलेल्या आहेत. आधी हे सांग म्हणाल्यात."

मी म्हटलं, आत या, बसा. नको म्हणाली. उभीच राहिली. मग मी तिला दारातच उद्याचं सगळं म्हणून दाखवलं. पिशव्या, ऊन, घुमट, भरलेलं आयुष्य. तिने चौकटीला टेकून शेवटपर्यंत ऐकलं, मधे एकदाही मान डोलावली नाही.

"छान बोलता, मामा. आई म्हणाल्याच होत्या, तो छान बोलेल, पुरतं ऐकून घे. आणि मग एकच विचार."

"काय?"

"तुम्हाला भीती मशीनची वाटते की आमची?"

मी म्हटलं, हा काय प्रश्न झाला? ती म्हणाली, "घरचा उपाय आमच्याही घरी करता येईल. माझी दुपार मोकळी असते. पिशव्या मी उचलीन. तुमच्या भाच्याला नळीबिळी बघून चक्कर येईल, त्याला बाहेर पाठवू. नको असेल तर तसं सांगा, मी उद्या त्या खुर्चीत बसून तेच सांगेन. पण माणूस लागतं आणि मी एकटा, हे कारण चालणार नाही. ते खोटं आहे."

"तुम्ही मला ओळखतसुद्धा नाही," मी म्हणालो.

"नाही. म्हणूनच तुम्ही श्रोता समजून मला गुंडाळू शकणार नाही."

मी म्हटलं, विचार करून सांगतो. ती म्हणाली, "नको. पत्र लिहिताय ना? त्यातच लिहा. तसंही आईंना मीच वाचून दाखवणार आहे." आणि खाली बघत दारातच थांबली. मी टेबलाशी येऊन बसलो आहे, इथून तिची सावली दिसते.

मिरे, भीती तुमची वाटते.

मशीनचं मी बघून घेईन, यंत्रांशी माझं कधी वाकडं नव्हतं. पण तुझ्या घरात सकाळी कुणीतरी माझ्यासाठी लवकर उठेल, माझी पिशवी हातात धरून माझ्याकडे बघेल, आणि त्या वेळी मला बोलायला काही सुचणार नाही, त्याची भीती वाटते. गाडी दारात होती तेव्हाही तीच वाटली होती. आणि मला करून बघायचं आहे. काही दिवस. हे मी डॉक्टरांना बोललो नाही, स्वतःलाही नाही. मला अजून जगावंसं वाटतं आणि ते मागायला लाज वाटते.

एवढं लिहून कागद तिच्याकडे नेला. तिने उभ्या उभ्या वाचला, दोनदा. मग बूट काढले आणि आत आली.